तांदूळ धुतलेस?

भात बिघडणं ही माझ्या पिढीतल्या बाईला लहानसहान गोष्ट वाटत नाही. पोळी वातड झाली तर गव्हाला बोल लावता येतो, आमटी जमली नाही तर डाळीला. भाताला मात्र सबब चालत नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्या भाताचं एक शीत दोन बोटांत दाबून पाहिलं आणि नुसतं 'हं' म्हटलं. त्या 'हं'च्या जोरावर मी पस्तीस वर्षं स्वयंपाक केला. कुकर असो, पातेलं असो, चार माणसं असोत की चाळीस, भात कधी बिघडला नाही. बिघडला तो गेल्या मे महिन्यात, एका रविवारी. आणि तोही आयुष्यात सगळ्यात मन लावून केलेला.

भात मिलानचा होता. त्याचं नाव रिसोत्तो.

आमची धाकटी लेक दोन वर्षांपूर्वी शिकायला मिलानला गेली. पहिल्याच हिवाळ्यात तिला सणकून ताप आला. फोनवर आवाज इतका खोल गेलेला की मला इथे घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी फोन केला तर आवाजात जरा धुगधुगी होती. म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी भात आणून दिला. नुसता उकडलेला, वर लोणी आणि किसलेलं चीज. इथे आजारी माणसाला हेच देतात." आणि बरी झाल्यावर त्याच बाईंनी तिला रिसोत्तो करून जेवायला बोलावलं. पुढे दर पंधरवड्याला ते जेवण होऊ लागलं. दर रविवारच्या फोनमध्ये रिसोत्तोचं कौतुक असे.

खरं सांगायचं तर त्या बाईंचे उपकार वाटले आणि टोचलंही. माझ्या लेकीला आजारपणात मऊ भात भरवला तो दुसऱ्याच बाईने. सत्तरीच्या पुढची, विधवा, एकटी राहणारी बाई. तिचा हेवा करावा असं तिच्याजवळ काय होतं? पण केला. लेक दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी घरी येणार असं ठरलं, तेव्हा पहिल्या रविवारी रिसोत्तो करायचा हे मी मनाशी पक्कं केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिसोत्तो हा उत्तर इटलीतला भात. ताटलीत वाढला की तो हळूहळू पसरला पाहिजे, ताटली कलती केली की लाटेसारखा सरकला पाहिजे, आणि तरीही त्यातला दाणा न् दाणा दाताखाली जाणवला पाहिजे. मिलानच्या रिसोत्तोत केशर असतं. तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा घडवणाऱ्या कारागिराचा एक शिष्य रंगात केशर मिसळायचा, त्याने १५७४ साली गुरूच्या मुलीच्या लग्नात गंमत म्हणून ते भातात घातलं, अशी दंतकथा तिकडे सांगतात. खरी असो नसो, गोष्ट झकास आहे.

कृती लेकीने फोनवर कधीतरी सहज सांगितलेली. मी ती दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घेतली होती. कांदा लोण्यावर मऊ होऊ द्यायचा. त्यात तांदूळ परतायचे. व्हाइट वाइन घालायची. मग उकळता स्टॉक डावाडावाने घालत ढवळत राहायचं. अठरा मिनिटांनी गॅस बंद करून थंड लोणी आणि चीज घोटून घालायचं आणि लगेच वाढायचं. सात ओळी. यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

अडचण सुरू झाली ती सामानाच्या यादीपासून. आमचं घर शाकाहारी. मिलानच्या अस्सल रिसोत्तोत बैलाच्या हाडातला मगज पडतो आणि स्टॉकही मांसाचाच. ते गेलं. वाइन गेली, तिच्या जागी अर्धं लिंबू आलं. राहता राहिलं पार्मेजान चीज. तर ते विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात आणि तसा तिथला नियमच आहे, हे ऐकून मी हात जोडले. त्याच्या जागी फ्रिजमधली प्रोसेस्ड चीजची वडी आली. एवढं सगळं वजा झाल्यावर उरलं काय? तांदूळ, कांदा, लोणी, केशर. ही चारही माझ्या हातातली. मग तर काळजीच मिटली, म्हटलं.

तांदूळ घेतला तो बासमती. लेक दोन वर्षांनी घरी आलेली. तिला रोजचा कोलम का घालायचा? डब्यातला जुना, लांब दाण्याचा, सणासुदीला काढायचा बासमती घेतला. तीन पाण्यांनी धुतला. तिसरं पाणी नितळ आलं तेव्हाच हात थांबला. अर्धा तास भिजवला, मग चाळणीत निथळत ठेवला. हे सगळं वहीत लिहिलेलं नव्हतं, पण श्वास घ्यायचा हे तरी कुठे कोण लिहून ठेवतं?

कांदा छान मऊ झाला. तांदूळ परतले. मसालेभाताला आपण परततोच, त्यामुळे हात सराईत चालला. भाज्यांचं पाणी शेजारच्या शेगडीवर आधणासारखं उकळत ठेवलं होतं. तेही आपल्या रीतीला धरूनच. पहिला डाव घातला, ढवळलं. दुसरा घातला, ढवळलं. आणि इथे माझ्या मनगटाने बंड केलं. शिजता भात ढवळू नये, शीत मोडतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. भिजलेला बासमती तो. डाव फिरला की टोकं तुटताना दिसायची. एकेक तुटलेलं शीत बघून जीव खालीवर. शेवटी मन मानेना. उरलेलं पाणी एकदम ओतलं, वर ताट झाकलं, ताटात पाणी घातलं, गॅस बारीक केला आणि वाफ आणली. अठरा मिनिटांनी शीत दाबून पाहिलं तर आत कणी. कणी राहिलेला भात लेकीला वाढायचा? आणखी सात मिनिटं ठेवला.

मग केशर, लोणी, चीज घालून घोटलं. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, दोन मिनिटं, एक फोन आहे." तो फोन वीस मिनिटं चालला. मी झाकण ठेवून वाट पाहिली. आपल्याकडे भात पंगतीची वाट बघतो. रिसोत्तो थांबत नाही, पंगतीने त्याची वाट बघायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

झाकण काढलं तर पिवळाधमक गोळा. डाव उभा केला तर उभाच राहिला. खाली करपलेलं, वर लगदा, मधूनमधून चीजच्या तारा. वास तेवढा केशराचा घमघमत होता. ह्यांनी रंग पाहून मोठ्या आनंदाने घास घेतला, क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, "साखर घालायची राहिली का गं?" त्यांचं काय चुकलं? आमच्या घरात पन्नास वर्षं केशर पडलं ते साखरभातात, श्रीखंडात आणि बासुंदीत.

तसे परदेशी पदार्थ आम्ही याआधी केले नाहीत असं नाही. १९९३ साली 'खाना खजाना' सुरू झाल्यापासून टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसणाऱ्या बायकांत मीही होते. त्या वहीतून आमच्या घरी नूडल्स आल्या, मांचुरियन आलं, मैद्याच्या पांढऱ्या रश्शात बुडवलेल्या भाज्या आल्या. त्यातलं काहीच कधी बिघडलं नाही, कारण मूळ चव घरात कुणालाच माहीत नव्हती. मी करीन ते चायनीज आणि मी करीन ते इटालियन. या वेळी पहिल्यांदाच ती चव जिभेवर असलेलं माणूस टेबलाशी बसलेलं होतं, आणि ते माझ्याच पोटचं होतं.

लेकीने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चेहरा सरळ ठेवायचा तिचा प्रयत्न मला दिसत होता, आणि तेच जास्त लागलं. मग तिने विचारलं, "आई, तांदूळ धुतलेस?"

"म्हणजे काय? न धुता शिजवू?"

ती हसायला लागली, आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, भातासाठी एवढं काय? तेव्हा तिने सांगितलं की मघाचा फोन तिकडचाच होता. नोकरी पक्की झाली होती. मिलानलाच, सप्टेंबरपासून. कसं सांगावं याचा ती चार दिवस विचार करत होती. ह्यांनी पाठीवर थाप मारली. मी "छान झालं" म्हटलं आणि ताटं उचलली. त्या रात्री या विषयावर आम्ही दोघी काही बोललो नाही. भातावरच बोललो.

तिने मला जे समजावलं आणि मग मी जे वाचून काढलं ते असं. तांदळाच्या दाण्यात स्टार्च दोन जातींचा असतो. एक अमायलोज, सरळ साखळीसारखा. दुसरा अमायलोपेक्टिन, फांद्या फुटलेल्या झाडासारखा. अमायलोज जास्त असलेला तांदूळ शिजून मोकळा होतो, तो कमी असलेला मऊ आणि चिकट. बासमती मोकळं होण्यासाठीच प्रसिद्ध. रिसोत्तोला लागतो तो आर्बोरिओ किंवा कार्नारोली यांसारखा आखूड, जाड तांदूळ. दाण्याच्या मधोमध पांढरा ठिपका असलेला. ढवळताना दाण्यांवर दाणे घासतात, वरचा स्टार्च सुटून रश्शात उतरतो, आणि आतला गाभा मात्र घट्ट राहतो. रिसोत्तोची साय म्हणजे हाच सुटलेला स्टार्च. त्यातला वरवरचा जो मी तीन पाण्यांत मोरीत सोडून दिला, तोच.

म्हणजे मी कुठे घाईगडबड केली, कुठे विसरले म्हणून तो पदार्थ बिघडला असं नाही. धुणं, भिजवणं, निथळणं, न ढवळणं, झाकून वाफ आणणं, कणी जाईपर्यंत ठेवणं: जे जे मला उत्तम येतं ते ते मी केलं आणि त्यानेच घात झाला. एखाद्या नवशिक्या मुलीने हाच भात माझ्यापेक्षा बरा केला असता. तिच्या हाताला वळणच नसतं ना!

कणीचंच बघा. आपल्याकडे भातात कणी राहिली हा ठपका. तीच कणी तिकडे हवीहवीशी. दाताला लागेल इतपत, या अर्थाचा खास शब्दच आहे त्यांच्याकडे. आपल्याजवळ शब्द कमी आहेत असं कुणी समजू नये. मोकळा, फडफडीत, आसट, मऊ, गुरगुट्या, गिच्च, आणि पुढे पातळ होत गेलं की अटवल नि पेज. एवढ्या पायऱ्या आपण भाताला पाडल्या. पण सायीसारखा पातळ आणि तरी दाताला लागणारा, अशी पायरी त्यात नाही. जी वस्तू आपण केली नाही तिला नाव कशाला देऊ?

आणि तांदूळ धुणं ही काही खुळी सवय नाही. वर्षाचा तांदूळ भरून ठेवायचा तो किड्यांपासून वाचावा म्हणून बोरिक पावडर लावून. त्यात कोंडा, खडे, पोत्याची धूळ. न धुता शिजवणाऱ्या बाईला आमच्या आईने घरात उभं केलं नसतं.

याच कुतूहलातून मी पेल्लेग्रिनो आर्तुसी या गृहस्थांपर्यंत पोचले. हे रेशमाचे व्यापारी. धंद्यातून निवृत्त झाले आणि फ्लॉरेन्सला स्वयंपाकाच्या मागे लागले. त्यांचं पुस्तक कुणी प्रकाशक घेईना, तेव्हा १८९१ साली स्वतःच्या पैशाने छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या, पुढे वाढत वाढत ७९० झाल्या. इटलीच्या घराघरांत ते पुस्तक पोचलं. अर्पण केलं होतं ते स्वतःच्या दोन मांजरांना! मात्र पुस्तकाचे हक्क त्यांनी मृत्युपत्रात घरी स्वयंपाक करणाऱ्या मारिएत्ता आणि फ्रांचेस्को या दोघांच्या नावे केले, हे मला जास्त आवडलं. तर या आर्तुसींनी एका रिसोत्तोच्या कृतीत बजावून ठेवलंय की तांदूळ धुवू नये, निवडून कोरड्या फडक्याने पुसावा. हे वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं. बजावावं लागलं, त्या अर्थी १८९१ सालच्या इटलीतल्या बायकांचा हातही पाण्याकडे जात असणारच.

दुसरे सापडले ते थॉमस जेफर्सन, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले. १७८७ साली ते पॅरिसला अमेरिकेचे वकील होते. युरोपातले लोक अमेरिकेच्या तांदळापेक्षा इटलीच्या पिमाँतमधला तांदूळ का पसंत करतात, हे कोडं त्यांना पडलं. तिकडचं भात सडण्याचं यंत्र वेगळं असावं अशी त्यांची समजूत. म्हणून आल्प्स ओलांडून स्वतः गेले. बघतात तर यंत्र घरच्यासारखंच, बियाणंच वेगळं. ते देशाबाहेर नेणाऱ्याला देहदंड आहे असं कळलं, तरी या थोर गृहस्थांनी कोटाचे दोन्ही खिसे भाताने भरून आणले, आणि शिवाय एका खेचरवाल्याला पैसे देऊन एक पोतं डोंगरापलीकडे जिनोव्हाला पोचवायची कामगिरी सांगितली. मी बासमती घेऊन रिसोत्तो करायला बसले त्याच्या दोनशे वर्षांहून आधी या माणसाला कळलं होतं की सगळं दाण्यात आहे.

त्याच पिमाँतमधलं व्हर्चेल्लीचं खोरं. आर्बोरिओ हे तिथल्या एका गावाचंच नाव. १८६६ साली पुरा झालेला कावूर कालवा त्या शेतांना पाणी देतो. गुडघाभर पाण्यात वाकून निंदणी करणाऱ्या तिथल्या बायकांवर 'बिटर राइस' हा चित्रपट १९४९ साली निघाला. लेकीने तो मला लॅपटॉपवर दाखवला. भाषा कळत नव्हती, पण पावसाळ्यात मावळात आवणीला वाकलेल्या बायकांच्या पाठी मी पाहिलेल्या आहेत.

उरलेल्या गोळ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अन्न टाकायची आमच्याकडे रीत नाही. सोमवारी सकाळी त्यात डाळीचं पीठ, तिखट, कोथिंबीर घालून थालीपिठं लावली. लेक ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मिलानमध्ये हेच करतात. उरलेला रिसोत्तो दुसऱ्या दिवशी तव्यावर थापून लोण्यावर खरपूस भाजतात." त्यांच्याकडे म्हणे तो हॉटेलातसुद्धा मिळतो. मी म्हटलं, "तिथे डाळीचं पीठ घालतात का?" म्हणाली, "नाही. त्यांचा भात बिघडलेला नसतो." मग दोघी हसलो, आणि तव्याजवळ उभ्याउभ्याच नोकरीचं पहिल्यांदा नीट बोलणं झालं. पगार किती, खोली तीच ठेवणार का, वर्षाला रजा किती. मी विचारत गेले, ती सांगत गेली. एक थालीपीठ त्यात जळलं.

जायच्या आधीच्या शनिवारी तिने हट्टाने पुन्हा करायला लावला. मॉलमध्ये आर्बोरिओ मिळतो, पण त्या पुडीची किंमत पाहून मी ती परत ठेवली. इंद्रायणी घेतला. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं हे १९८७ सालचं वाण. आखूड, सुवासिक आणि मुळातच चिकट. पातेलं घेऊन मी नळाशी गेलेच. लेकीने मनगट धरलं. मग आर्तुसींचं ऐकून कोरड्या पंचाने तांदूळ पुसले. पुसताना जीव कासावीस झाला, तो भाग वेगळा. या वेळी झाकण नाही, वाफ नाही. अठरा मिनिटं ढवळत राहिले. साय आली. भात ताटलीत पसरला, थोडासा सरकलाही. पण इंद्रायणीचा दाणा आतपर्यंत मऊ होतो, गाभा धरून ठेवत नाही. लेकीने चव घेतली आणि निकाल दिला, "हा रिसोत्तो नाही. पण मऊ भात म्हणून फर्स्ट क्लास आहे." दोनदा घेतला तिने.

आता ती तिकडे आहे. गेल्या महिन्यात घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून तिने व्हिडिओ कॉल लावला. बाई माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगण्या निघाल्या. आमची भाषा एकमेकींना कळत नव्हती. त्यांनी पातेलं कलतं करून भाताची लाट मला दाखवली, दोनदा. आता माझी पाळी, म्हणून मी मुद्दाम रात्रीचे तांदूळ घेतले आणि कॅमेऱ्यासमोर तीन पाण्यांनी धुतले. बाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग लेकीकडे वळून काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," लेक म्हणाली, "ते पांढरं पाणी तू टाकून देतेस का?"

"नाही म्हणावं," मी म्हटलं. "कढीलिंबाला घालते."